मान हलवली की उलटायचं

रविवारी मांने गच्चीवर मुंगोड्या घातल्या. भिजवून वाटलेली मुगाची डाळ जुन्या धोतरावर चिमटी-चिमटीने सोडत जायची, ओळीने, मध्ये बोटभर जागा ठेवून. मांच्या ओळी सुतात होत्या. माझ्या वाकत होत्या.

“एवढी पुस्तकं वाचतीस अन् एक ओळ सरळ येईना तुला,” ती म्हणाली.

“पुस्तकातल्या ओळी दुसऱ्याने घातलेल्या असतात, मां.”

“बराबर. मंग ह्या मुंगोड्या पण दुसऱ्यालाच खाऊ दे.”

आमच्या घरात अर्धी मारवाडी आणि अर्धी परतूरची मराठी बोलतात; इथे मी सगळी मराठीच करून लिहिते आहे. १९५५ सालचा चैत्र संपत आला होता. आठच वाजले होते, पण गच्चीचा चुना तळव्यांना चटका देऊ लागला होता. खाली पेठेत ज्वारीच्या गाड्या लागत होत्या, बैलांच्या घंटा वाजत होत्या, आणि मां गुणगुणत होती.

तिला लग्नाची गाणी येत, होळीची येत. पण काम करताना ओठ मिटून ती हे एकच म्हणत असे. त्याला शब्द नव्हते आणि ते आमच्या कुठल्याच गाण्यासारखं चालत नसे. जिना उतरल्यासारखं भराभर खाली येई, पायथ्याशी क्षणभर टेके आणि भलत्याच बाजूने पुन्हा वर चढे. मध्येच तिचा उजवा हात चटकन उठे आणि माशी वारल्यासारखा परत मांडीवर येई. एका ठिकाणी मात्र सूर तुटे. चुलीवर एक फुलका फुगून उतरेल इतका वेळ ती गप्प राही आणि मग पुढून सुरू करी. विसरलेलं माणूस चाचपडतं. मां चाचपडत नसे. दार वाजवून उंबऱ्याबाहेर उभं राहावं तशी, मान किंचित तिरकी करून, ती थांबे.

दुपारी मी जेवायला बसले. मी परभणीला मुलींच्या शाळेत शिकवते आणि महिन्यातून दोनदा परतूरला येते. तीनच्या गाडीने परत जायचं होतं. मां तव्यावरच्या फुलक्याकडे बघत स्वतःशीच म्हणाली, “ती मान हलवायची, की मी उलटायची.”

“कोण, नानी?”

“लवकर चालायचं न्हाई. उशीर तर बिलकुलच न्हाई.” तिने फुलका उलटला. तो टम्म फुगला. नानीने तिला फुलके कसे शिकवले हे ती सांगते आहे असं मी धरलं आणि फुलक्याला तूप लावलं.

निघताना ती नेहमीसारखी उंबऱ्यात आली. आमच्यात लेकीला बाई म्हणतात.

“बाई, काही राह्यलं तर न्हाई?”

दर वेळी ती हेच विचारी. मी पिशवी, छत्री, चष्मा असं हात लावून दाखवी आणि न्हाई म्हणे. एकोणतीस वर्षं मी न्हाई म्हणत आले होते आणि ते खरं नव्हतं.

मी नऊ वर्षांची असताना एकदा मांची ट्रंक उघडी होती आणि खाटेवर जाड, पिवळसर, मोठाले कागद मांडून ठेवले होते. त्यांवर पाच-पाच तारा ताणलेल्या दिसत आणि तारांवर काळ्या मुंग्या बसलेल्या. मां दोरा आणायला खाली गेली होती. मास्तरांनी मला त्याच दिवशी गोष्टींचं पहिलं पुस्तक दिलं होतं. त्याला वेष्टन घालायचं होतं आणि आमच्या किराणा दुकानातला पुड्यांचा कागद फार पातळ असे. मी मधला एक कागद उचलला.

मांने तो आठवडाभर शोधला. कोणाला काही न विचारता. ट्रंकेखाली, कोठीमागे, दुकानातल्या रद्दीत. रद्दीचा गठ्ठा तिने माझ्यासमोरच उपसला आणि मी तिच्यापासून दोन हातांवर, पुस्तक मांडीवर धरून, वाचत बसले होते. ती विचारील, मग सांगू, असं मी ठरवलं होतं. तिने विचारलं नाही.

पुढे सतराव्या वर्षी मी विधवा होऊन घरी परत आले. मला कोपऱ्यात न बसवता शिकायला पाठवायचं हे मांनेच ठरवलं. त्यासाठी बाबूजी तीन महिने तिच्याशी बोलले नाहीत. तिच्यासमोर बसून मी सगळं बोलू शके. घरातलं, शाळेतलं, बाबूजी गेल्यानंतरचं. तेवढं एक सोडून. त्या रविवारी गच्चीवर सांगणार होते. मग ऊन वाढलं, मग जेवण, मग गाडीची वेळ.

“न्हाई मां,” मी म्हणाले. “काही न्हाई राह्यलं.”

मंगळवारी शाळेत तार आली.

मी पोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. माझा धाकटा भाऊ शांतिलाल ओल्या धोतराने पायरीवर बसला होता. “जीजी, ऊन फार होतं,” तो म्हणाला. “थांबता येईना.” मां वाळलेल्या मुंगोड्या उतरवायला गच्चीवर गेली होती, तिथेच बसली होती आणि उठली नव्हती. कपड्याचं एक टोक तिच्या मुठीत होतं. मी वर जाऊन पाहिलं. सगळ्या मुंगोड्या सुटून आल्या होत्या. माझ्या वाकड्या ओळींतल्यासुद्धा.

बारा दिवसांची बैठक सुरू झाली. बायका येत, पदर ओढून रडत आणि माझ्याकडे बघत. मला रडू येत नव्हतं. मी पाणी देत होते.

पाचव्या दिवशी दुपारी झुंबरबाई आली. ती आमच्याकडे वीस वर्षं भांडी घासते. लेकीच्या बाळंतपणाला वाटूरला गेली होती, ती मोटारीतून उतरून तडक मागच्या दाराने अंगणात आली होती. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी मागे गेले तर ती राखेत हात घालून बसली होती आणि चेहरा पाडला होता.

“ताई, काकी रागावल्या का मह्यावर? चार दिवस म्हणून गेल्ते अन् धा लावले, म्हणून?”

“का गं?”

“मधी सैपाकघरात गुणगुणून राह्यल्या. दोनदा हाक मारली, तर ओ न्हाई. आपलं त्यांचं चालूच. थांबल्या, मला वाटलं आता बोलतील. तर परत लागल्या.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पुढच्या खोलीत अंथरलेली सतरंजी पाहिली, आणि हातातलं पातेलं अलगद, आवाज न करता खाली ठेवलं. “कोन गेलं, ताई?”

मी सांगितलं. ती रडली नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिली. त्या वेळी आत कोणीही नव्हतं. आमच्यात बारा दिवस चूल शेजारच्यांकडे असते.

“मह्या कानानं ऐकलं,” ती म्हणाली. “आत्ता.”

झुंबरबाईला बाहेरगावाहून थकून आल्यावर भास झाला, असं मी शांतिलालला सांगितलं. मी पुष्कळ वाचलेली बाई आहे आणि असल्या गोष्टींना काय म्हणतात ते मला माहीत आहे. आठव्या दिवशी, टळटळीत दुपारी, मी मांच्या खोलीत तिची लुगडी घडी करत असताना भिंतीपलीकडून ते सुरू झालं. ओठ मिटून म्हटलेलं. भराभर उतरलं, टेकलं, भलत्या बाजूने वर चढलं. मी हातातली घडी मोडू दिली नाही. मग ते त्या जागेला आलं आणि तुटलं. मला त्या आवाजाची भीती वाटली नव्हती. वाटली ती त्यानंतरच्या गप्प बसण्याची. भिंतीपलीकडे कोणीतरी मान तिरकी करून उभं होतं. एक फुलका फुगेल इतका वेळ गेला. मग पुढून सुरू झालं आणि विहिरीच्या बाजूला विरत गेलं.

अकराव्या दिवशी शांतिलालने फडताळ रिकामं करायला घेतलं. पाहुण्यांसाठी भांडी काढायची होती, आणि वरच्या खणात जुन्या लाल चोपड्या होत्या. चोपडी म्हणजे आमच्या दुकानातली लांबट वही. लाल कापडाचं आवरण, दोरा वरच्या बाजूला, पान वर उलटायचं. दिवाळीला ओळीने मांडून त्यांची पूजा होते. आमच्या घरात सगळा कागद फाडला जातो, चोपडी कोणी फाडत नाही.

“जीजी! इकडं ये जल्दी.”

तो एक जाडी, रुंद चोपडी उघडून बसला होता. आवरणावर कुंकवाची स्वस्तिकं एकावर एक इतकी काढलेली होती की मधला भाग काळा पडला होता.

“दर दिवाळीला हिला कुंकू लावलं आपण. आधी बाबूजींनी, मंग मी. जुन्यात जुनी आहे म्हणून हिचा मान पहिला. अन् आत बघ काय! मला तर इंग्रजांचं काहीतरी वाटून राह्यलं.”

“दाखव.”

“वाचणारी तू. सांग बरं, इतकी वर्षं लक्ष्मी समजून आपण मेमची पूजा केली का?” तो हसला. अकरा दिवसांत पहिल्यांदा. मग त्याला ते कळलं आणि त्याने तोंड पुसलं.

पाच-पाच तारा. काळ्या मुंग्या. आता मला कळत होतं की ती युरोपी गाण्याची लिपी आहे, पण आधी दिसल्या त्या मुंग्याच. पहिल्या पानावर वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की ही पियानोची रचना आहे, आणि रचनाकार म्हणून ‘एक स्त्री’ एवढंच होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं. लंडनमध्ये ज्याने छापलं त्याचं नाव, रस्ता आणि दुकानाची खूण मात्र तीन ओळींत होती.

कोपऱ्यात पानांचे आकडे होते. मी एकेक पान वर उलटत गेले. पाच. सहा. सात. दहा.

“काय झालं?” शांतिलाल म्हणाला.

“काही नाही.”

ती चोपडी कुठून आली याचा अंदाज मला होता. नानाजी जालन्याच्या छावणीला धान्य-किराणा पुरवत. मां दहा वर्षांची असताना तिथली पलटण कायमची उठली, बंगल्यांतलं सामान लिलावात निघालं, आणि रद्दी नानाजींनी पुड्यांसाठी उचलली. लग्न होईपर्यंत मां त्यांच्याबरोबर बंगल्यांवर जात असे, एवढं तिने एकदा सांगितलं होतं. तिथे काय करत असे, ते मी विचारलं नव्हतं. हे कागद रद्दीतून वाचवायचे तर आमच्या घरात एकच रीत होती, ती तिने वापरली. लाल कापडात शिवून त्यांची चोपडी केली.

पण दुसरी एक गोष्ट मला त्या फडताळापाशी आठवली, आणि ती अंदाजात बसत नव्हती. मी लहानपणी याच सुरावर झोपत असे. मांच्या मांडीवर, डोक्यावर तिचा हात. तेव्हा तो सूर कुठे तुटत नव्हता. मांला अक्षर वाचता येत नव्हतं. मग पान गेल्यावर तेवढंच गाणं तिच्या तोंडून कसं गेलं?

तेरावा झाला आणि मी जालन्याला गेले. तिथे मिशनच्या शाळेत एस्तेरबाई शिंदे गाणं शिकवतात. शिक्षिकांच्या एका सभेत आमची ओळख झाली होती. त्यांच्या शाळेचा दिवाणखाना म्हणजे छावणीतला जुना बंगलाच. बाहेर कडुनिंब, आत उंच छत, आणि भिंतीशी एक पियानो. त्याच्या दोन-तीन पट्ट्या दाबल्या की खालीच राहत.

एस्तेरबाईंनी लाल चोपडी पियानोवर उभी केली, पहिलं पान वर उलटलं, आणि कपाळावर हात मारला.

“अहो, हे शिवलंय कुणी? एक पान सुलटं, एक उलटं!”

“आमच्यात चोपड्या अशाच शिवतात. पान वर जातं.”

“मग वाजवायचं कुणी? वटवाघळाने?” त्या मनापासून हसल्या. मग चष्मा पुसून वाचू लागल्या, बोटं हवेत हलवत. “चांगलं आहे हो. जुनं आहे, दीडशे वर्षांचं तरी असेल. ही बाई कोण, देव जाणे. मी कुठे वाचलेली नाही, कुणाकडून ऐकलेली नाही. त्या काळी घरंदाज बायका छापायला देत, पण नाव देत नसत.” त्यांनी बाक पुढे ओढला. “शिवण उसवू?”

“नको.”

“मग तुम्ही इथे उजव्या हाताला उभ्या राहा. प्रत्येक पानाला ही फिरवावी लागणार. मी मान हलवली की उलटायचं. लवकर नको. आणि उशीर तर मुळीच नको.”

माझ्या हातात काही नव्हतं, तरी हाताला तुपाचा वास आल्यासारखं झालं.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आवाज कोरडा होता, मधल्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. पण ते मांचं होतं. मां जे एका सुरात, मुंगोड्यांच्या चालीने म्हणे, ते इथे दोन्ही हातांनी धावत होतं. जिना तोच, टेकणं तेच, भलत्या बाजूने चढणं तेच. एस्तेरबाईंनी मान हलवली. माझा उजवा हात चटकन उठला आणि पान उलटून परत आला. तेव्हा मला कळलं की मां आयुष्यभर माश्या वारत नव्हती. प्रत्येक पानाच्या शेवटी, बरोबर त्या जागी, तिचा हात उठत होता. ती गाणं म्हणतच नव्हती. पियानोपाशी उभी राहून ती पानं उलटत होती. पान असेल तितकंच पुढे जाता येत होतं.

सातवं पान संपलं. मान हलली. मी उलटलं, आणि एस्तेरबाईंचे हात हवेतच थांबले.

“पुढचं नाही. मधलं पान गेलंय.”

त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि नजर दहाव्या पानाच्या पहिल्या ओळीवर ठेवून, मान किंचित तिरकी करून त्या बसून राहिल्या. बाहेर कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. खाली राहिलेली एक पट्टी आपोआप वर आली, टक्. मी ओठ मिटून, हात पोटाशी बांधून उभी होते. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

एस्तेरबाईंनी डोळे मिटले. त्यांचा पाय हळूहळू ताल धरू लागला. तो बराच वेळ चालला. मग त्यांनी हात उचलले आणि दहाव्या पानाची सुरुवात वाजवली, अगदी वेळेवर, आणि थांबून माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

“बरोबर जुळलं! अहो, तुम्हाला ते पान पाठ आहे, मग आधी का नाही सांगितलं? किती सुंदर जागा आहे ती! सगळ्या रचनेचा जीव तिथे आहे. आणि आवाज काय हो तुमचा. असा ओठ मिटून—”

त्यांची नजर माझ्या मिटलेल्या ओठांवर आली.

“मी काही म्हटलं नाही,” मी म्हणाले.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग दाराकडे. मग उठून दोन्ही दारं उघडी टाकली आणि पदराने मान पुसली. नंतर त्या पुन्हा बाकावर बसल्या नाहीत. उभ्यानेच, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“हे डाग पाहिलेत? शिवण्याआधी पानं बाजूला उलटत असतील तेव्हाचे. प्रत्येक पानाला खाली, उजव्या कोपऱ्यात. गंज नाही हा. मेहंदी आहे.”

तांबूस ठसा होता, अंगठ्याचा. मी माझा अंगठा त्यावर ठेवला तर सगळ्या बाजूंनी बाहेर आला. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा असेल.

“मेमने पानं उलटायला कुणाची तरी पोर धरून उभी केली असणार,” एस्तेरबाई म्हणाल्या. निरोप देताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि चोपडी माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, “ते पान कुठे गेलं असेल, काही कल्पना?”

“न्हाई,” मी म्हणाले.

आणि गाडीत बसल्यावर मला माझी लाज वाटली. मां गेली होती, विचारणारी कोणी परकी बाई होती, माझं वय अडतीस होतं, आणि तरीही तोंडातून आधी तेच आलं.

परतूरला उतरले तेव्हा उन्हं कलली होती, पण दिवेलागणीला वेळ होता. घरात कोणी नव्हतं. शांतिलाल दुकानात, झुंबरबाई मागे अंगणात. मी मांच्या खोलीत जाऊन खाटेखालची ट्रंक ओढली. ते पुस्तक केव्हाच फाटून, विकून, पुड्या होऊन गेलं असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तरी मी तळापर्यंत हात घातला.

सगळ्यात खाली तिच्या लग्नातली ओढणी होती. ओढणीच्या घडीत ते पुस्तक होतं.

मी त्याला वेष्टन घातलं होतं ते भाताच्या शितांनी चिकटवून. पहिल्याच आठवड्यात ते चारी कोपऱ्यांना उकललं होतं, हे मला स्पष्ट आठवत होतं. त्या आठवड्यानंतर भीतीने मी ते पुस्तक पुन्हा हातात घेतलं नव्हतं. आता ते उकललेलं नव्हतं. आतून खळ लावून एकेक कड नीट चिकटवलेली होती आणि चारी कोपऱ्यांवर लाल दोऱ्याचे टाके होते. मी चोपडी शेजारी ठेवून पाहिलं. तोच दोरा. टाकाही तोच, दोन आडवे आणि एक गाठ.

एकाच सुईने, एकाच आठवड्यात. रद्दी उपसून झाल्यावर केव्हातरी मी झोपले असताना तिने माझ्या उशाचं पुस्तक पाहिलं असणार. नुसतं ओढलं असतं तरी पान हातात आलं असतं. तिने ते पुस्तकावरच पक्कं केलं, पुस्तक होतं तिथे ठेवलं, आणि बाकीची पानं त्याच्यावाचून शिवली. पुस्तकावर, मुंग्यांच्या ओळींच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, तांबूस अंगठा होता.

मग दर वेळी उंबऱ्यात येऊन ती विचारत राहिली.

भिंतीपलीकडे सुरू झालं. या वेळी ते विहिरीच्या बाजूचं नव्हतं. स्वयंपाकघरात, चुलीपाशी, माणूस बसतं त्या उंचीवरून आलं. अंगणात भांड्यांचा आवाज बंद झाला. मी पुस्तक घेऊन उठले. जिना उतरला, टेकला, वर चढला. मी खोलीतून बाहेर आले, मधलं दार ओलांडलं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले तेव्हा सातवं पान संपत होतं. हे मला आता कळत होतं. माझा हात उठला आणि त्यात उलटायला पान नव्हतं.

सूर तुटला.

आत कोणी नव्हतं. चूल पोतेरा दिलेली, थंड. मागच्या दारात झुंबरबाई राखेचे हात तसेच धरून उभी होती.

“थांबल्या,” ती हळूच म्हणाली.

एक फुलका फुगेल इतका वेळ होता. मी पुस्तक दोन्ही हातांवर धरलं, वेष्टनाची बाजू वर करून.

“राह्यलं होतं, मां,” मी म्हणाले. “सांगायचं राह्यलं होतं. तुझं पान मी घेतलं. तू रद्दीत शोधत होतीस, तेव्हा ते माझ्या मांडीवर होतं.”